चेल्सीला बाहेर काढणारी ‘फॅसिट’वाल्यांची टीम: मालकाने फुटबॉलच्या नादात कंपनी घालवली का?

लालबागचा_ब्लू

मंडळी एक प्रश्न आहे, जरा लांबडा आहे पण वाचून घ्या.

मी चेल्सीवाला (हसायचं ते हसून घ्या). जुने युरोपियन रिझल्ट चाळत बसलो होतो तर १९७१-७२ चा कप विनर्स कप (युरोपात आपापल्या देशाचा कप जिंकणाऱ्या क्लबांची स्पर्धा) समोर आला. आदल्या वर्षी फायनलला रेआल माद्रिदला हरवून आपण चॅम्पियन, पहिल्या राऊंडला लक्झेंबर्गच्या एका टीमला दोन मॅचमध्ये मिळून २१-० धुतलेलं, आणि दुसऱ्याच राऊंडला घरी. कोणी पाठवलं घरी तर ओत्विदाबेर्य नावाच्या स्वीडिश क्लबने! स्टॉकहोम नाही, गोथेनबर्ग नाही, मॅप बराच झूम केल्यावर सापडतं ते गाव. आज आख्ख्या नगरपालिकेची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे गणपतीत एवढी माणसं एका गल्लीत उभी असतात.

मग शोधत गेलो तर कळलं की हे गाव म्हणजे फॅसिट कंपनीचं गाव. फॅसिट म्हणजे तेच, टाइपरायटरवालं! आमच्या इथल्या टायपिंग क्लासमध्ये दोन रेमिंग्टन, एक गोदरेज आणि बाकी सगळ्या फॅसिट होत्या, मला वाटायचं मद्रासची कंपनी आहे. आणि कंपनीचा साहेब गुन्नार एरिकसन, हा माणूस एकाच वेळी कारखानदार, राजकारणात, १९७० ते ७५ स्वीडनच्या फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष, आणि वर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीचा मेंबर.

आता माझी शंका अशी की ही ओत्विदाबेर्यची टीम १९७२ ला पहिल्यांदा स्वीडनची लीग जिंकली, १९७३ ला परत जिंकली. आणि बरोब्बर त्याच १९७२-७३ च्या सुमारास फॅसिट गोत्यात येऊन इलेक्ट्रोलक्सला विकली गेली. हा योगायोग आहे का? साहेब फुटबॉल, ऑलिंपिक आणि राजकारणात गुंतले आणि कंपनीकडे बघायला कोणी नव्हतं असं काही झालं का? आणि हे एरिकसन म्हणजे मोबाइलवाले एरिक्सन का?

---

कूपरेज_ईस्ट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. मोबाइलवाले वेगळे. ते लार्स मॅग्नस एरिक्सन, १८७६ पासूनची टेलिफोन कंपनी. स्वीडनमध्ये एरिकसन म्हणजे आपल्याकडे पाटील, प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन. १९७४ च्या वर्ल्डकपला स्वीडनचा कोच सुद्धा एरिकसनच होता, गेओर्ग ‘ओबी’ एरिकसन, त्याचाही ह्यांच्याशी संबंध नाही. गंमत म्हणजे इलेक्ट्रोलक्सने पुढे १९८० च्या दशकात फॅसिट विकली ती मात्र खरंच त्या टेलिफोनवाल्या एरिक्सनला. पण ते खूप नंतरचं.

आता तुझ्या जखमेवर मीठ. चेल्सीची मॅच नीट वाच एकदा. पहिली मॅच ओत्विदाबेर्यला ०-०. परतीची स्टॅमफर्ड ब्रिजवर, हडसनने गोल करून १-० केलं, मग पेनल्टी मिळाली आणि हॉलिन्सने ती घालवली, आणि थोड्या वेळाने रोलांड सांडबेर्गने १-१ केलं, अवे गोलवर (बरोबरी झाली की परक्या मैदानावरचा गोल जड धरायचे) खेळ खलास. कंपनीच्या टीमने ओसगुड-हडसनच्या चेल्सीला बाहेर काढलं. पुढच्या राऊंडला पूर्व जर्मनीच्या डायनॅमो बर्लिनने ह्यांना काढलं ते सोड.

पण खरी मॅच ती नव्हेच. खरी १९७३ ची, चॅम्पियन क्लब्सच्या युरोपियन कपमध्ये, पहिल्याच राऊंडला समोर बायर्न म्युनिक. बेकेनबाउअर, गेर्ड म्युलर, माइअर, ब्राइटनर, होएनेस, पुढच्या वर्षी वर्ल्डकप उचलणारी अर्धी टीम. म्युनिकला बायर्न ३-१. परतीच्या मॅचला ह्या गावातल्या पोरांनी बायर्नला ३-१ हाणलं, एकूण ४-४, पेनल्टीवर बायर्न ४-३ ने कसंबसं सुटलं. त्या मॅचला दोन गोल मारणारा कोनी टोर्स्टेनसन, त्याला बायर्नने त्याच सीझनमध्ये विकत घेतला आणि १९७४ ची युरोपियन कप फायनल तो बायर्नकडून खेळला. बायर्न त्या वर्षी पहिल्यांदा युरोपचा चॅम्पियन झालं. तीन वर्षं लागोपाठ जिंकले ते, आणि ती सगळी मालिका पहिल्याच राऊंडला एका कॅल्क्युलेटरवाल्या गावात संपली असती.

बाकी दोघे, राल्फ एडस्ट्रोम आणि सांडबेर्ग, १९७२ च्या लीगमध्ये दोघांचे १६-१६ गोल, टॉप स्कोअरर जोडीने. एडस्ट्रोम उंच, हेडर असा की डिफेंडर नुसते बघत राहायचे. १९७३ ला एडस्ट्रोम पीएसव्ही आइंडहोवनला गेला आणि सांडबेर्ग कायझर्सलाउटर्नला. आता हे बघ, पीएसव्ही म्हणजे फिलिप्सची टीम! एका कंपनीच्या गावातून दुसऱ्या कंपनीच्या गावात ट्रान्सफर. १९७४ वर्ल्डकपला स्वीडन दुसऱ्या फेरीपर्यंत गेलं तेव्हा एडस्ट्रोमचे ४, सांडबेर्गचे २ आणि टोर्स्टेनसनचा १ गोल. स्वीडनने आख्ख्या स्पर्धेत ७ गोल केले होते. सातच्या सात ह्या एका गावाच्या क्लबमधून गेलेल्या पोरांचे. आणि असोसिएशनच्या खुर्चीवर कोण, तर गुन्नार एरिकसन.

तर माझं मत, नाद वगैरे ठीक आहे पण कंपनी बुडाली ती फुटबॉलने नाही. ते कोणीतरी आकडेमोडवाल्याने सांगावं.

---

निवृत्त_सांख्यिकी

आकडेमोडवाली आले.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आमच्या लॅबला ओळीने फॅसिटची हाताने फिरवायची गणनयंत्रं होती, टाइपरायटर नव्हे हो, कॅल्क्युलेटर. फॅसिटचं खरं नाव झालं ते त्यावर. टाइपरायटर (हाल्डा नावाची कंपनी त्यांनी १९३० च्या दशकात घेतली) आणि ऑफिसचं फर्निचर हे जोडधंदे.

यंत्राची गंमत सांगते म्हणजे पुढचं समजेल. त्या आधीच्या ओढ्नर पद्धतीच्या मशीनवर प्रत्येक अंकासाठी वेगळी तरफ ओढावी लागायची, एकं-दहं-शतं प्रत्येकाची वेगळी. कार्ल रुडिन ह्या इंजिनिअरने फॅसिटसाठी १९३० च्या दशकात जे मॉडेल केलं त्यात फक्त दहा कळा, दोन ओळींत, आकडा सरळ बोटांनी टाइप करायचा. मग हँडल पुढे फिरवलं की बेरीज, उलटं फिरवलं की वजाबाकी. गुणाकार म्हणजे तितक्या वेळा फिरवा, मग कॅरेज (सरकता भाग) एक घर सरकवा, परत फिरवा. भागाकार उलटं फिरवत जायचं, जास्त झालं की घंटी वाजायची, एक पाऊल मागे, एक घर सरकवा, पुन्हा. स्टँडर्ड डिव्हिएशन काढायला मुलांचा आख्खा तास जायचा आणि खालच्या वर्गातले सर वर येऊन विचारायचे की हा कसला खडखडाट. पण उत्तर चुकायचं नाही, चुकलं तर मुलगा चुकलेला असायचा.

हे यंत्र शेकडो बारीक पोलादी भागांचं, ते घासायला, जुळवायला कसबी कारागीर लागायचे, आणि ओत्विदाबेर्यमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. जगात ह्या कामात त्यांच्या तोडीचे फार थोडे. आणि तिथेच घात झाला बाळा. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. सुरुवातीला ती महाग होती, मोठी होती, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. मग जपान्यांनी किंमती अशा पाडल्या की १९७०-७१ नंतर हँडलवालं यंत्र कोणी फुकट सुद्धा नेईना. आमच्या कॉलेजात सुद्धा तेच झालं, फक्त आपल्याकडे सगळं उशिरा येतं म्हणून आमची फॅसिट नंतरही बरीच वर्षं चालली.

फुटबॉलचा संबंध मला तरी दिसत नाही.

---

वसईची_प्लॅनिंगवाली

काकूंच्या पोस्टला +१, आणि त्यात थोडी भर, कारण फॅसिट आम्हाला एमबीएला केस म्हणून होती.

लोकांना वाटतं फॅसिटला इलेक्ट्रॉनिक्स माहीतच नव्हतं. असं नाहीये! जपानची हायाकावा, म्हणजे आजची शार्प, तिची इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर फॅसिट स्वतःच्या नावाने विकत होती १९६० च्या दशकात. म्हणजे वैरी घरात, जेवायला बसलेला. स्वतःच्याच सेल्समनच्या बॅगेत दोन्ही मशीन. पण कंपनीची सगळी फॅक्टरी, सगळे कारागीर, सगळा अभिमान त्या चाकांच्या मशीनमध्ये, त्यामुळे वरच्या लोकांना वाटत राहिलं की हळूहळू बदलू, गिऱ्हाईक काय एकदम पळणार आहे का. गिऱ्हाईक एकदम पळालं. १९७० च्या आसपास सुमारे १४ हजार माणसं होती कंपनीत, म्हणजे सगळ्यात मोठी झाली आणि लगेच कोसळली.

आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की इलेक्ट्रोलक्सने घेतल्यावर त्यांच्या लोकांनी आत जाऊन बघितलं तर टाइपरायटरला आणि ऑफिस फर्निचरला मागणी इतकी होती की माल पुरत नव्हता. म्हणजे ज्या दोन धंद्यांकडे जोडधंदे म्हणून बघितलं ते धडधाकट होते आणि ज्याच्यावर सगळं लक्ष तो मेलेला. इलेक्ट्रोलक्सने कंपनी लवकरच रुळावर आणली सुद्धा. त्यामुळे ब्लू, तुझ्या थिअरीत एक बारीकसा दाणा आहे खरा. लक्ष चुकीच्या जागी होतं हे बरोबर. पण ती चुकीची जागा फुटबॉलचं ग्राउंड नव्हे, ती स्वतःचीच फॅक्टरी.

---

गिरणगाव_ते_बीकेसी

सगळे लई गोड गोड बोलताय. मी जरा वेगळं बोलतो.

एक माणूस कारखान्याचा साहेब, गावातलं मोठं नाव, क्लबही त्याचाच, राजकारणातही आहे, देशाच्या फुटबॉलचा अध्यक्ष पण तोच, आणि वर १९६५ पासून ऑलिंपिक कमिटीत. हे आपल्याकडे कोणी केलं की आपण काय म्हणतो? प्रफुल्ल पटेलांचं बघा, घरचा बिडीचा धंदा, खासदार, मंत्री आणि भारतीय फुटबॉल फेडरेशनचे अध्यक्ष, बारा-तेरा वर्षं खुर्चीवर, मग २०२२ ला सुप्रीम कोर्टाने समिती नेमली आणि फिफाने बंदीच घातली काही दिवस. तेव्हा आपण सगळ्यांनी इथे धागे काढून बोंब मारलेली. मग स्वीडनवाला असला की तो एकदम थोर द्रष्टा उद्योगपती कसा काय?

आणि कंपनीच्या टीमबद्दल मला फार प्रेम नाही. आमच्या वडिलांच्या मिलची टीम होती, चांगली होती, कबड्डीची तर भारीच. पोरांना खेळाच्या जोरावर नोकरी, खात्यात नुसती सही. पण ज्या दिवशी मिलचा भोंगा बंद झाला त्या दिवशी टीम पण गेली. खेळाडू कोण होते आता कोणाला आठवत पण नाही. मालकाची टीम म्हणजे मालकाचा मूड.

---

कूपरेज_ईस्ट

गिरणगाव भाऊ, मुद्दा चांगला काढलात, आणि उत्तर पण ह्यातच आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तुलनेचं. पटेलांचं प्रकरण मुदत संपून निवडणूक न होण्यावरून होतं, गुन्नारसाहेब असोसिएशनवर पाच वर्षं होते आणि गेले. ऑलिंपिक कमिटीत मात्र १९९६ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्या वर, तिथे तुमचं बोलणं लागू पडतं. त्या काळी ती कमिटी म्हणजे क्लबच होता मोठ्या घरच्या लोकांचा, एकदा आत की बाहेर पडायची घाई नाही. बरं एवढी वर्षं बसून स्वीडनला एक विंटर ऑलिंपिक मिळालं नाही ते नाहीच, फालुनची मागणी फेटाळली गेली, ओस्टरसुंड तर १९९४ च्या गेम्ससाठी शेजारच्या नॉर्वेच्या लिलेहामरकडून हरलं. म्हणजे वजन फार वापरलं असं म्हणता येत नाही. जाता जाता, ह्याच ऑलिंपिक कमिटीचं अधिवेशन २०२३ ला आपल्या बीकेसीत झालं आणि तिथे २०२८ साठी क्रिकेट आत घेतलं, तुमच्या ऑफिसच्या खालीच असेल, ट्रॅफिक आठवत असेल.

आता राजकारण. स्वीडनमध्ये १९३२ पासून १९७६ पर्यंत जवळजवळ सलग सोशल डेमोक्रॅट्सचं राज्य. १९६९ पासून ओलोफ पाल्मे पंतप्रधान. युनियन प्रचंड मजबूत. त्या देशात कारखानदार राजकारणात उतरतो म्हणजे सत्तेची मलई खायला नाही, सत्ता दुसऱ्यांकडे आहे आणि तिथेच राहणार आहे हे त्यालाही माहीत. आपल्याकडचं चित्र जसंच्या तसं तिकडे लावू नका एवढंच.

आणि महत्त्वाचं म्हणजे टीम मालकाची नव्हती! क्लब १९०७ चा आहे. तेव्हा फॅसिट नव्हती, एरिकसन घराणंही नव्हतं तिथे. गाव मुळात तांब्याच्या खाणीचं, आडेल्सवेर्ड नावाच्या सरदार घराण्याच्या इस्टेटीचं. तांबं संपलं, मग लाकूडकाम, फर्निचर, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत ते सगळं दिवाळखोरीत गेल्यावर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गुन्नारचे वडील एलोफ एरिकसन आले आणि त्यांनी मोडकळीला आलेल्या धंद्यातून हा उद्योग उभा केला, फॅसिटचं मशीन त्या दशकात घेतलं, पुढे गोथेनबर्गची ओढ्नर पण घेतली. आपल्याकडे किर्लोस्करवाडी किंवा वालचंदनगर ज्यांनी बघितलंय त्यांना चित्र डोळ्यासमोर येईल, घरं, ग्राउंड, शाळा सगळ्यावर कंपनीची सावली. गुन्नार १९१९ चा, म्हणजे पोरगा ह्याच वातावरणात वाढलेला.

पण स्वीडनमध्ये क्लब म्हणजे सभासदांची संस्था. कंपनी पैसा देईल, खेळाडूला नोकरी देईल, साहेब अध्यक्ष होईल, पण क्लब कागदावर सभासदांचाच. १९६७ ला तिकडे हौशीपणाचे (खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत असे) नियम काढून टाकले, तरी नुसत्या फुटबॉलवर पोट भरत नव्हतं, म्हणून खेळाडूला नोकरी हा मोठाच आधार. फॅसिट चांगली नोकरी देऊ शकत होती म्हणून एडस्ट्रोमसारखा पोरगा देगरफॉर्स हा आपला क्लब सोडून ह्या गावात आला. इतकी साधी भानगड. करोडो ओतले नाहीत, नोकऱ्या दिल्या. १४ हजार माणसांच्या पगारपत्रकात वीसेक फुटबॉलपटू काय जड होणार?

म्हणून ब्लू तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की १९७२ ची लीग ही १९६० च्या दशकातल्या चांगल्या दिवसांचं फळ आहे. टीम १९६८ ला मोठ्या लीगमध्ये आली, १९७० आणि ७१ ला स्वीडिश कप मारला, मग ७२-७३ ला लीग. झाड आधी लावलेलं, आंबे मात्र मालक अडचणीत आल्यावर पिकले. कंपनीचा हिशोब तिमाहीत बिघडतो, टीम बिघडायला दोन-तीन वर्षं लागतात.

---

लालबागचा_ब्लू

वर्ल्डकपच्या सातच्या सात गोलांचं कळल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. धन्यवाद कूपरेज भाई, काकू आणि ताई.

पण मग कंपनी गेल्यावर टीमचं काय झालं? गिरणगाव दादा म्हणतात तसं भोंगा बंद, टीम बंद?

---

कूपरेज_ईस्ट

बंद नाही. खाली आली. १९७४ पासून स्वीडनच्या लीगमध्ये माल्मो ह्या क्लबचं राज्य सुरू झालं, आणि माल्मोचा कोच कोण माहितीये का? बॉब हाउटन. आपला हाउटन! २००६ ते २०११ भारताचा कोच, २००७ आणि २००९ चा नेहरू कप ज्याच्या हाताखाली जिंकला, तोच. त्याने माल्मोला १९७४ ला चॅम्पियन केलं आणि १९७९ ला युरोपियन कपच्या फायनलला नेलं. छेत्री-भुतिया ज्याच्या शिव्या खात होते त्याने ह्या फॅसिटवाल्यांची सद्दी संपवलेली.

ओत्विदाबेर्य मग खालीवर होत राहिली. पण २०१० ला मोठ्या लीगमध्ये परत आली, आणि २०१२ ते १५ सलग चार सीझन तिथे खेळली. इलेक्ट्रोलक्सने फॅसिट घेतल्यानंतर चाळीस वर्षांनी! ग्राउंड पण तेच, कोपरव्हालेन, बायर्नला जिथे रडवलं ते.

---

गिरणगाव_ते_बीकेसी

हे मात्र मान्य. सभासदांचा क्लब आणि कंपनीचं खातं ह्यात फरक आहे.

आपल्याकडे बघा, जेसीटी फगवाडा, पंजाबची मिल, १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकलेली टीम. २०११ ला बंद केली. महिंद्रा युनायटेड तर आपली स्वतःची, कूपरेजवर किती मॅच बघितल्या, २००५-०६ ला नॅशनल लीग मारली आणि २०१० ला गुंडाळली. आणि महिंद्रा काय बुडत होती का? गाड्या धडाधड विकल्या जात होत्या. तिकडे कंपनी मेली आणि क्लब जगला, इकडे कंपनी ठणठणीत आणि क्लब मेला. कारण विचारायला सभासदच नव्हते, एक मीटिंग झाली असेल आणि संपलं.

तरी मी म्हणेन की ह्यात गुन्नारसाहेबांचं कर्तृत्व नाही, तिकडच्या पद्धतीचं आहे.

---

निवृत्त_सांख्यिकी

पद्धत माणसंच चालवतात हो. क्लब खिशात घालायचा असता तर गावात त्याला अडवणारं कोण होतं? नाही घातला, ह्याचं थोडं तरी श्रेय द्या. माणूस २०१३ पर्यंत जगला, नव्वदी ओलांडून गेला. म्हणजे कंपनी हातातून जाणं, दुसऱ्याच्या नावाने चालणं, मग ते नावच जवळजवळ पुसलं जाणं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. आणि क्लब परत वर आलेला सुद्धा बघितला. मला त्या माणसाबद्दल राग येत नाही.

---

गिरणगाव_ते_बीकेसी

काकू, राग मलाही नाही. कामगारांचं काय झालं तेवढं कोणी लिहीत नाही म्हणून बोललो. एका गावाचा एकच कारखाना असला की कारागिराला दुसरीकडे जायला जागा नसते. आमच्याकडे निदान लोकल पकडून ठाण्या-बेलापूरला जाऊन काहीतरी मिळत होतं (तेही नंतर गेलं). खडखडाटवालं मशीन जुळवणाऱ्या हाताला सर्किट बोर्ड येत नाही, आणि पन्नाशीच्या माणसाला कोणी शिकवत पण नाही.

---

वसईची_प्लॅनिंगवाली

बरोबर आहे, केसमध्ये सुद्धा तो भाग दोन ओळीत उरकला होता. फॅसिट विकली जायच्या आधी मॅनेजमेंटने खर्च कमी करायला फॅक्टऱ्या बंद करायला आणि माणसं काढायला सुरुवात केली होतीच, म्हणजे फटका आधी खालीच बसला, वरचे नंतर गेले.

एक अजून, आमच्या सरांना मी हाच प्रश्न विचारलेला, की साहेब बाहेरच्या कमिट्यांमध्ये असल्याने फरक पडला का. ते म्हणाले उलट बाहेर फिरणारा माणूस असेल तर त्याला बातमी आधी कळायला हवी, १९६४ चं टोकियो ऑलिंपिक झालं तेव्हा जपानी इलेक्ट्रॉनिक्स कुठे पोचलंय ते आख्ख्या जगाला दिसलं होतं. गुन्नार पुढच्याच वर्षी कमिटीत गेला. दिसणं आणि पटणं ह्यात गॅप राहिली. मला ते उत्तर आवडलं पण पूर्ण पटलं नाही, कारण शार्पशी तर त्यांचा सरळ धंदाच होता, दिसत नव्हतं असं कुठे होतं.

---

लालबागचा_ब्लू

ओके, म्हणजे फुटबॉल निर्दोष. मी माझी थिअरी मागे घेत नाही पण बेंचवर बसवतो.

एक शेवटचं विचारतो, फॅसिटचं हँडलवालं मशीन मुंबईत कुठे बघायला मिळेल? हात लावून बघायचंय एकदा.

---

निवृत्त_सांख्यिकी

जुन्या कॉलेजांच्या संख्याशास्त्र विभागात विचार, कपाटाच्या वर धूळ खात असतं, टाकायला परवानगी लागते म्हणून टाकत नाहीत. मिळालं तर हँडल जबरदस्तीने फिरवू नकोस. अडकलं असेल तर कॅरेज अर्धवट घरात असते, ती आधी नीट सरकव.

---

कूपरेज_ईस्ट

चोर बाजारात पण दिसतं अधूनमधून, मटण स्ट्रीटच्या बाजूला. भाव विचारलास तर ‘इंग्लंड का है, अँटिक है’ सांगतील. इंग्लंड नाही म्हणून सांग, वर चेल्सीची मॅच पण सांग, शंभरेक रुपये कमी होतील.